हवामानाच्या चौकटीत आर्द्रता आणि वारा पण छापा

मा. संपादक साहेब,

थंडीत निफाडचा पारा किती घसरला ते तुम्ही पहिल्या पानावर देता, उन्हाळ्यात नाशिक ४०च्या वर गेलं की फोटोसकट बातमी येते, चांगलंच आहे. पण रोजच्या हवामानाच्या चौकटीत कमाल आणि किमान एवढे दोनच आकडे असतात, आणि पाणी किती आटणार, बेदाणा कधी निघणार, कूलर चालणार का नाही, यातलं काहीच त्यावरून कळत नाही.

कूलरचंच घ्या ना. एप्रिलात हवा कोरडी असते म्हणून कूलरच्या गवतावरचं पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं, एका लिटरला साधारण २४०० किलोज्यूल. जूनमध्ये पारा खाली आलेला असतो तरी तोच कूलर नुसतं चिकट वारं फेकतो, कारण हवेत वाफ इतकी असते की जेवढी पाण्यातून निघते त्यातली बरीचशी परत पाण्यातच येते.

आता शेततळं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं, म्हणजे वरून ९०० चौरस मीटर उघडं पाणी. त्यातून १ सेंटिमीटर जरी उडालं तरी ९००० लिटर गेलं, जवळपास एक टँकर, आणि कडक उन्हाळ्यात वारं सुटलं की एवढं एका दिवसात जाऊ शकतं. तळाला प्लॅस्टिकचा कागद टाकला म्हणून पाणी जिरायचं थांबतं हो, उडायचं कुठे थांबतं! पाण्यावर साचलेली दमट हवा वारा सारखी ढकलून देतो आणि कोरडी हवा आणून ठेवतो, म्हणून वाऱ्याच्या अंगाला शेवरी लावली तर फरक पडतो (जरा लांब लावा, मुळ्या कागदात घुसतात). आणि तेवढंच पाणी पसरट तळ्यापेक्षा खोल तळ्यात कमी उडतं, हे तळं खोदायच्या आधी सांगणारं कोणी भेटत नाही.

बेदाणावाल्यांचं उलटं, त्यांना पाणी लवकर घालवायचंय. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, बाकी बहुतेक सगळं पाणीच. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर येऊ देत नाही, म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवतात आणि मग शेडमध्ये जाळीवर पातळ पसरतात. हिरवा रंग टिकावा म्हणून सावलीत, त्यामुळे सगळी भिस्त वाऱ्यावर आणि कोरड्या हवेवर. मार्चमध्ये ढग येऊन हवा दमट झाली की पारा ३५ असून काय उपयोग, माल काळा पडायला लागतो.



मागणी एवढीच की सायंकाळी साडेपाचच्या नोंदीतली आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग रोज छापा. हवामान खातं सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला मोजतंच, नवीन काही करायचं नाहीये. कृषी हवामान केंद्रांवर चार फूट व्यासाच्या गोल पात्रातलं पाणी दिवसात किती मिलिमीटर आटलं ते पण मोजतात, तो आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. जागा नसेल तर राशिभविष्यातल्या दोन ओळी कमी करा, आमची हरकत नाही.

– एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक