न्यायाधीशाचा पूर्वेतिहास कोणी तपासायचा?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने लिहिले होते, की अमेरिकेत न्यायाधीशपदासाठी कोणाचे नाव पुढे आले की विरोधक त्याच्या तरुणपणचे कागद उकरून काढतात, त्याला वर्णद्वेषी ठरवतात आणि भला माणूस फुकट बदनाम होतो. आपल्याकडे असले तमाशे नाहीत हे आपले भाग्य. मी जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क होतो. आयुष्य न्यायाधीशांच्या खाली बसून रोजनामा लिहिण्यात गेले. त्यामुळे हे 'भाग्य' मला काही पटलेले नाही.

चार्ल्स पिकरिंग यांचेच उदाहरण घेऊ, कारण वाचकमहाशयांची तक्रार ज्या प्रकरणाला सर्वांत जास्त लागू पडते असे वाटते, ते हेच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातले हे संघीय जिल्हा न्यायाधीश. २००१ मध्ये अध्यक्ष धाकटे बुश यांनी त्यांचे नाव पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयासाठी सुचवले. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही तीन राज्ये या न्यायालयाच्या कक्षेत येतात. म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मतदानाचे, नोकरीतल्या भेदभावाचे कितीतरी दावे शेवटी तिथेच जाऊन थांबणार. विरोधकांनी १९५९ सालचा एक लेख काढला. पिकरिंग तेव्हा कायद्याचे विद्यार्थी होते. मिसिसिपीत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी होती, त्या कायद्यात एक त्रुटी होती आणि ती कशी दूर करता येईल हे या विद्यार्थ्याने लिहिले होते. कायदा असावा की नसावा, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आता दुसरी बाजू. व्हर्नन डाहमर हा कृष्णवर्णीय कार्यकर्ता आपल्या लोकांची मतदार नोंदणी करून घेत होता, म्हणून १९६६ मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त टोळीने त्याचे घर पेटवले. त्यातच तो गेला. त्या टोळीचा म्होरक्या सॅम बॉवर्स. बॉवर्सला त्या खुनासाठी शिक्षा व्हायला १९९८ साल उजाडले. याच बॉवर्सविरुद्ध साठच्या दशकात पिकरिंग न्यायालयात साक्षीला उभे राहिले होते. त्या वर्षांत मिसिसिपीत हे जिवावरचे काम होते. गोऱ्यांनी मुले खासगी शाळांत हलवली तेव्हा पिकरिंग यांनी आपली मुले मिश्र सरकारी शाळेतच ठेवली. नागरी हक्कांच्या लढ्यात मारले गेलेले मेडगर एव्हर्स, त्यांचे भाऊ चार्ल्स एव्हर्स पिकरिंग यांच्या बाजूने बोलले. तर ज्या एनएएसीपीचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेचे, काम मेडगर करत, ती संस्था पिकरिंग यांच्या विरोधात उभी होती. आता सांगा, या माणसावर शिक्का कोणता मारायचा?

माझ्या मते शिक्का शोधत बसण्यातच चूक आहे. पिकरिंग यांच्या विरोधातली सर्वांत भक्कम गोष्ट १९५९ च्या लेखात नव्हतीच. ती १९९४ च्या एका खटल्यात होती.

त्या वर्षी तिघा जणांनी एका मिश्रवर्णीय जोडप्याच्या अंगणात लाकडी क्रूस उभा करून पेटवला. ही क्लॅनची जुनी धमकी; दक्षिणेत तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तिघांपैकी दोघांनी गुन्हा कबूल करून सरकारशी तडजोड केली आणि तुरुंगाबाहेर राहिले. त्यातला एक अल्पवयीन होता, आणि त्या घरावर आधी गोळी झाडणारा तोच होता. तिसरा डॅनियल स्वॉन. त्याने खटला लढवला, दोषी ठरला आणि कायद्याप्रमाणे सात वर्षांहून जास्त शिक्षेला पात्र झाला. त्यातली पाच वर्षे तर सक्तीची किमान शिक्षा. पिकरिंग यांना ही विषमता खटकली. खटकण्यासारखी होतीच, हे मीही म्हणेन. पण मग त्यांनी काय केले? सरकारी वकिलांवर दबाव आणला आणि वॉशिंग्टनला न्याय खात्यातल्या आपल्या एका मित्राला फोन केला. तो अधिकारी होता दिवाणी विभागाचा. त्या फौजदारी खटल्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. अखेर सरकारने सक्तीच्या शिक्षेचा आरोप मागे घेतला आणि स्वॉनला २७ महिने झाले.

आपल्याकडच्या एखाद्या सत्र न्यायाधीशाने चालू खटल्याबद्दल मंत्रालयातल्या ओळखीच्या सचिवाला फोन केला, तर बार रूममध्ये दुपारपर्यंत काय चर्चा होईल, ते मला सांगायला नको. त्या फोनमागे कोणाचा वर्ण होता की नव्हता, हा नंतरचा प्रश्न. न्यायाधीशाने एका पक्षाच्या नकळत असा फोन करायचा नसतो. भरीला भर म्हणजे नेमणुकीसाठी त्यांनी आपल्याच कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलांकडून शिफारसपत्रे मागवली होती. उद्या ज्याच्यासमोर अर्ज घेऊन जायचे, त्याला 'नाही' कोणता वकील म्हणेल?

अशा नेमणुकीला सिनेटची, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. सिनेटच्या न्याय समितीने मार्च २००२ मध्ये त्यांचे नाव १० विरुद्ध ९ मतांनी नाकारले. बुश यांनी पुन्हा पाठवले, सिनेटमध्ये ते अडवले गेले. जानेवारी २००४ मध्ये सिनेटला सुट्टी असताना बुश यांनी त्यांना तात्पुरते नेमले आणि वर्ष संपता संपता पिकरिंग निवृत्त झाले. बढती नाकारली हे योग्यच झाले असे मला वाटते. पण गाजावाजा झाला तो क्रूसाचा आणि क्लॅनचा. फोनचा मुद्दा त्याच गोंगाटात बुडाला. इथवर मी आपल्या वाचकाशी सहमत आहे. मात्र तो फोन बाहेर आला तो जाहीर सुनावणीमुळेच. शपथेवर, कॅमेऱ्यांसमोर सिनेटरांनी त्यांना त्या प्रकरणाबद्दल खोदून खोदून विचारले. गुपचूप नेमणूक झाली असती तर ते कागद मिसिसिपीच्या कपाटातच राहिले असते.

सुनावणीने माणूस नेहमी अचूक पारखला जातो असे मी म्हणत नाही. १९३७ मध्ये अलाबामाचे सिनेटर ह्यूगो ब्लॅक यांना सिनेटने घाईघाईने ६३ विरुद्ध १६ मतांनी सर्वोच्च न्यायालयात पाठवले. पुढच्याच महिन्यात पिट्सबर्गच्या एका बातमीदाराने पुराव्यानिशी छापले, की हे गृहस्थ क्लॅनचे सभासद होते. ब्लॅक यांना रेडिओवरून देशाला कबुली द्यावी लागली. हेच ब्लॅक १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या एकमुखी निकालात होते. आणि १९४४ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना त्यांच्या घरांतून हलवणाऱ्या आदेशाला मान्यता देणारा निकालही त्यांनीच लिहिला. एका माणसाच्या कारकिर्दीत दोन्ही बसतात.

नॉर्थ कॅरोलिनाचे जॉन पार्कर यांचे उलट झाले. १९२० च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात त्यांनी कृष्णवर्णीयांचा राजकारणातला सहभाग घातक असल्याचे म्हटले होते. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आले तेव्हा एनएएसीपीने ते भाषण समोर ठेवले, कामगार संघटना वेगळ्या कारणाने विरोधात उतरल्या आणि पार्कर ४१ विरुद्ध ३९ असे दोन मतांनी पडले. पुढे अपील न्यायालयात १९४० मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळण्याच्या बाजूने निकाल दिला. त्यावरून त्यांना उगाच पाडले असे म्हणणारे आहेत. ते हे सांगत नाहीत, की शाळांच्या निकालानंतर, १९५५ मध्ये, याच पार्कर यांच्या खंडपीठाने राज्यघटना फक्त भेदभावाला मनाई करते, मुलांना एकत्र बसवण्याची सक्ती करत नाही, असे लिहिले. त्या एका वाक्याच्या आधाराने दक्षिणेतल्या शाळांनी पुढची कित्येक वर्षे चालढकल केली.

आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलेले न्यायाधीश कार्सवेल! १९४८ मधले त्यांचे वर्णभेदाची तरफदारी करणारे भाषण तेव्हा निघाले, त्यावर ते मला आता मान्य नाही असे त्यांनी सांगितले. तिथवर ठीक. पण १९५६ मध्ये, सरकारी वकील असताना, टलाहासीचे सार्वजनिक गोल्फ मैदान खासगी क्लबच्या ताब्यात देण्याच्या व्यवहारात त्यांचे नाव सापडले. कृष्णवर्णीयांना मैदानाबाहेर ठेवण्याची ती पळवाट होती. तोवर त्यांच्या बऱ्याच निकालांना वरच्या न्यायालयाने फिरवल्याचेही निघाले. त्यावर त्यांच्या बाजूच्या सिनेटर ह्रुस्का यांनी केलेला बचाव अजून लोक आठवून हसतात: सामान्य वकुबाच्या लोकांनाही न्यायालयात थोडे प्रतिनिधित्व नको का? ५१ विरुद्ध ४५ मतांनी नाव पडले.

आता आपल्याकडे येऊ. सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक नको, अशी सूचना घटना समितीत आली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी जे उत्तर दिले, त्याचा आशय असा: सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, आणि आपल्यासारखेच गुणदोष, भावना व पूर्वग्रह त्यांच्याकडेही असतात. १९९३ पासून आपण नेमका तो अधिकार कॉलेजियमकडे, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्याच गटाकडे, दिला आणि पूर्वग्रह तपासण्याचे काम बंद दाराआड नेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासाठी आलेल्या व्हिक्टोरिया गौरी यांच्या नावाला तिथल्या वकिलांनी आक्षेप घेतला. ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजांबद्दलची त्यांची जाहीर वक्तव्ये हे कारण. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयात याचिकेची सुनावणी चालू होती आणि त्याच सकाळी चेन्नईत शपथविधी! खंडपीठाने सांगितले, की पात्रता आम्ही तपासू शकतो, योग्यता नाही. मग योग्यता तपासायची कोणी? अमेरिकेत निदान हे विचारायला एक जागा आहे. ती कधीकधी आखाडा होते, हे मान्य. इथे आक्षेप घेणाऱ्याला जागाच नाही, आणि ज्यांच्यावर आक्षेप आहे त्यांनाही उत्तर द्यायला जागा नाही. अमेरिकेसारखी जाहीर सुनावणी असती, तर गौरीबाईंनाही तिथे आपली बाजू मांडता आली असती.

कॉलेजियमचे ठराव २०१७ पासून संकेतस्थळावर येतात, पण नाव जाहीर होणे ते शपथ, या काळात नागरिकांनी काय करायचे याची वाट कुठेच नाही. शिफारस झालेल्या वकिलांचे जाहीर लेख, भाषणे, त्यांनी चालवलेले मोठे दावे आणि आधीच न्यायाधीश असल्यास वरच्या न्यायालयात फिरलेले निकाल, एवढे तरी एका पानावर द्यावे आणि तीस दिवस लेखी आक्षेप घ्यावेत. आक्षेपाखाली नाव-पत्ता सक्तीचा असावा. निनावी अर्जांनी चांगल्या माणसांचे काय होते, ते मी टेबलाच्या या बाजूने पुष्कळ पाहिले आहे.

कॉलेजियम हे करील तेव्हा करो. मुंबई उच्च न्यायालयासाठी पुढची यादी येईल तेव्हा आपल्या वृत्तपत्राने फक्त नावे आणि फोटो छापून न थांबता हे एक पान स्वतः तयार करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक
(निवृत्त न्यायालयीन कर्मचारी), सातारा