शिक्षणमंत्री साहेब, लहान मुलांच्या प्रश्नांना घाबरायला लावू नका

माननीय शिक्षणमंत्री,

नमस्कार. शिक्षक मेळाव्यात तुम्ही माइकवरून सांगितलं होतं की बालवर्गात निसर्ग शिकवताना श्रद्धा आणि विज्ञान दोन्हींना जागा राहील, मार्गदर्शिका येईल, ट्रेनिंग होईल. मार्गदर्शिका आली नाही. मला मात्र मागच्या आठवड्यात नोटीस आली.

वर्गात बरणीत अळी पाळली होती, तिचा कोश झाला, फुलपाखरू निघालं आणि एका मुलीनं विचारलं, हे देवानं केलं का? मी म्हटलं, खूप जण तसं मानतात, तुमच्या घरी काय म्हणतात ते आईला विचार, आणि कोशाच्या आत अळीचं बरंचसं शरीर विरघळतं, तिच्यात आधीपासून असलेल्या पेशींच्या बारीक पुंजक्यांतून पंख आणि पाय बनतात. बस, एवढंच. एका पालकाची तक्रार, बाईंनी देवाला बाजूला सारलं. दुसऱ्यांची तक्रार, विज्ञानात धर्म घुसडला. दोघांचं ऐकून घेतलं, मला कोणी विचारलंही नाही. तेव्हापासून रात्री झोप लागत नाही, एखाद्या पोरानं हात वर केला तरी छातीत धस्स होतं. मुलांच्या प्रश्नांना घाबरणारी बाई काय शिकवणार, सांगा ना साहेब?

नोटिशीत म्हणे मी 'सरमिसळ' करते. अजिबात नाही. सूर्यग्रहण चंद्राची सावली पृथ्वीवर पडते म्हणूनच होतं, सूर्य गिळणाऱ्या राक्षसाची गोष्ट सांगितली तर ती गोष्ट आहे हेही सांगते. पण फांदी उगाच मोडू नये हे पाच वर्षांच्या पोराला प्रकाशसंश्लेषण समजावून पटत नाही हो, त्याला आधी झाडाबद्दल काहीतरी वाटावं लागतं आणि ते वाटणं धर्मांनी जपलंय. बायबलमध्ये माणसाला बागेची राखण करायला ठेवलंय, कुराणात मधमाशीच्या नावाची अख्खी सुरा, म्हणजे अध्याय, आहे, जैन साधू पायाखाली जीव येऊ नये म्हणून बघून चालतात. हे सांगितलं तर मुलांचं काय बिघडतं? आणि दोन्ही एका डोक्यात मावत नाही म्हणणाऱ्यांनी मेंडेलकडे बघावं, मठात राहून वाटाण्याची हजारो रोपं वाढवली आणि १८६५ मध्ये आनुवंशिकतेचे नियम मांडले. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे लमेत्र तर कॅथलिक पाद्री होते.

खरं तर भांडण एका अळीचं नाहीच. लहान मुलांबरोबर कधी जमिनीवर न बसलेली माणसं अभ्यासक्रम ठरवतात, सरकार बदललं की एक जण धडा घालतो, दुसरा काढतो, वरून आदेश येतात, खालून पालक ओरडतात आणि सही मात्र शिक्षिकेची असते, म्हणजे अडकणार तीच. तुमच्या एकाही समितीत बालवर्गाची बाई का नसते?

मला लेखी आदेश हवाय. निसर्गात काय घडतं ते विज्ञानानं सांगावं, लोक काय मानतात ते आदरानं सांगावं, त्यातलं कोणतं काय ते मुलांना स्पष्ट सांगावं, आणि असं शिकवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, एवढं त्यात असू द्या. 'आपले निवेदन प्राप्त झाले' असली छापील पोच पाठवू नका, तसल्या माझ्याकडे आहेत.

एक बालवर्ग शिक्षिका