सूचना : ४ जुलैआधी कुत्र्यांसाठी तात्पुरती घरं हवी आहेत

लॉस एंजेलिस परिसरातल्या सदस्यांनो,

४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांना घाबरून पळालेली कुत्री दुसऱ्या दिवसापासून सरकारी शेल्टरमध्ये (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात) येऊ लागतात. मांजरांच्या पिल्लांचा हंगामही हाच. पिंजरे भरले की आधीपासून तिथे असलेल्या मोठ्या, वयस्कर कुत्र्यांवर मरणाच्या इंजेक्शनची वेळ येते. अनेक आजारी नसतात. फक्त जागा नसते.

दोन-तीन आठवडे एक कुत्रं सांभाळलंत तरी एक पिंजरा मोकळा होतो. औषधपाण्याचा खर्च सहसा शेल्टरच करतं. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. परत पाठवलेल्या कुत्र्याचे हाल बघवत नाहीत. जमेल त्यांनी ३० जूनपर्यंत इथेच कळवा. ने-आण करायला गाडीवालेही हवेत.

आपलं कुत्रं त्या रात्री घरातच ठेवा. फोन नंबर बदलला असेल तर मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदणीत आजच दुरुस्त करा.