व्हायोलिनच्या गावाहून

म्युनिक, रविवार

प्रिय रफिक,

तुझ्या मेसेजला दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लांबलचक पत्र. काल आमचा जर्मनचा अख्खा वर्ग मिटेनवाल्डला जाऊन आला. ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून, कारवेंडेल डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं एवढंसं गाव. पण व्हायोलिनचं! मिरजेत सतारी घडवणाऱ्या घरातल्या तुझी आठवण आली नसती तरच नवल.

बायर्न तिकिटावर (बव्हेरिया राज्यात चालणारं दिवसाचं तिकीट) पाच जण दिवसभर हिंडू शकतात, त्यामुळे स्टेशनवरच पाच-पाचाच्या टोळ्या पाडताना नुसता मासळीबाजार. त्यात बाईंचा फतवा: दिवसभर फक्त जर्मन, इंग्रजी बोलेल त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची. गार्मिशच्या पुढे गाडी डोंगरात शिरली आणि डबा चिडीचूप झाला. देखाव्यामुळे की कॉफीच्या धास्तीने, कोण जाणे.

घरांच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात रंगवलेले संत, चर्चचा मनोराही तसाच रंगवलेला. फोटो पाठवतोच. २,२४४ मीटरवर नेणारी केबल कार वाऱ्यामुळे बंद होती. बाकीचे हळहळले, माझ्या मात्र ते पथ्यावर पडलं. व्हायोलिनच्या संग्रहालयात मनसोक्त रेंगाळता आलं.

या गावात व्हायोलिन आलं कसं, ते ऐक. १४८७ पासून जवळजवळ दोनशे वर्षं व्हेनिसचे व्यापारी आपला बाजार इथे भरवायचे. १६७९ मध्ये तो बाजार पुन्हा बोत्सेनला (आता इटलीतलं बोल्झानो) गेला आणि गावाची रया गेली. त्याच सुमाराला मातिआस क्लोत्स नावाचा इथलाच एक जण इटलीत, पादुआला, वाद्यं बनवायला शिकून परतला. स्प्रूस आणि मेपलचं लाकूड डोंगरातच होतं. पुढे त्याच्या मुलांनी, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हाच धंदा धरला. हत्यारं पाजळणाऱ्या शिकलगारांनी ते काम सोडून सतारी हातात घेतल्या, ती अब्बांची गोष्ट आठवली की नाही? एकोणिसाव्या शतकात मात्र व्यापारी गबर झाले आणि कारागीर कोरडेच राहिले. हेही ओळखीचंच.

एका दुकानात एक कारागीर बाई व्हायोलिनचं काम करत होत्या. अंगठ्याएवढा रंधा. त्याने व्हायोलिनच्या लाकडी पाटाचा कागदासारखा पातळ छिलका काढायचा, पाट उजेडाकडे धरायचा, कानाशी नेऊन बोटाच्या पेराने ठोकायचा. मान हलवायची, पुन्हा दोन छिलके. अब्बा जवारी काढताना (तार नीट झंकारावी म्हणून घोडी घासताना) कानस फिरवतात, तार छेडतात, तोंड वाकडं करतात आणि परत कानस घेतात, अगदी तसंच! तोंड वाकडं करण्यासकट. मी तिथून हलेना, शेवटी वर्गातल्या कोरियन पोरीने दंडाला धरून जेवायला ओढत नेलं. (शाकाहाऱ्यांसाठी चीजमध्ये घोळवलेल्या शेवयांसारखा प्रकार, वर तळलेला कांदा. झकास.)

हेवा वाटला तो शाळेचा. १८५८ पासून इथे वाद्य बनवायची सरकारी शाळा आहे. घरात कुणी कारागीर नसलेली पोरंही तिथे जाऊन शिकतात, तारा छेडून वाजवायची वाद्यंसुद्धा. आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, चांगलंच झालं. पण त्या कागदाने कुणा पोराच्या हातात पटाशी येत नाही. तुमच्या गल्लीत तुझ्या वयाचे किती जण बसतात कामाला, तूच सांग.

आता कामाचं. त्या दुकानातल्या बाईंना मी तंबोऱ्याबद्दल सांगितलं, तर त्यांनी विचारलं, भोपळ्याला दांडी जोडता कशी? माझं जर्मन तिथेच संपलं, आणि खरं तर माहितीही. अब्बा जोड बसवतील तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ घे. आधी भोपळा कापलेला दाखव, मग गळा, मग सरस कसा लावतात ते. जवारीचाही घे, पण पंखा बंद करून, नाहीतर आवाज येत नाही. आमच्या वर्गात प्रत्येकाला आपल्या गावावर दहा मिनिटं बोलायचंय, माझी पाळी गुरुवारी आहे. बुधवारपर्यंत पाठव म्हणजे झालं. अब्बांना सलाम.

तुझाच,
अव्या