आई-बाबा, तिकीट काढलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की आई रडते आणि बाबा "बरं बरं" करून फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा, तिने चष्म्याचा नंबर अजून तपासलेला नाही हे मला माहितीय.

तिकीट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. एडिनबरा, स्कॉटलंड. तत्त्वज्ञानाचं एक वर्षाचं मास्टर्स. राजीनामा दिलाय आणि फीसुद्धा भरून झालीय. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, तुमचे चेहरे बघून मीच थांबले असते, मिरजेच्या वेळी थांबले होते तशी, म्हणून आधी भरलं आणि आता सांगतेय. त्याचं वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पैसे सगळे माझे नऊ वर्षांचे आहेत, तुमच्या एफडीला हात लावलेला नाही, मेडिक्लेमचा पुढच्या वर्षाचा हप्ता भरून ठेवलाय, त्यामुळे काकांच्या वेळी झालं तसं काही होणार नाही.

बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात की जग खरं का खोटं हे शिकायला एवढ्या लांब कशाला, माया म्हणून आपल्याकडे कधीच सांगून ठेवलंय. ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

मी ऑफिसात काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आम्ही गाडी कॉम्प्युटरमध्ये भिंतीवर आपटतो. अख्ख्या गाडीचे लाखो बारीक तुकडे करायचे, जाळी विणल्यासारखे, आणि मग प्रत्येक तुकडा एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात किती वाकला ते मोजत पुढे जायचं. खरी धडक डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते, तिला आमची मशीन रात्रभर चालतात. ड्रायव्हरच्या जागी एक पुतळा असतो, तोही आकड्यांचाच. दिवाळीच्या आधी एकदा रात्री अकराला रिझल्ट बघत बसले होते, त्याची छाती किती मिलिमीटर दबली ते वाचत होते, आणि एकदम हात थांबला. याला काहीच कळत नाही हे मला नक्की माहितीय. पण कोणी इतका पूर्ण पुतळा केला की त्याला कळायला लागलं, तर? आणि तो पुतळा मीच असले तर मला ते कसं कळणार?

मग वाचायला लागले. निक बॉस्ट्रॉम म्हणून एक तत्त्वज्ञ आहेत, त्यांचा २००३ सालचा एक निबंध आहे. ते म्हणतात तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असणार. एक तर अख्खं जग कॉम्प्युटरमध्ये चालवण्याची ताकद हातात येण्याआधीच जवळजवळ सगळ्या संस्कृती संपून जातात, नाहीतर ताकद आली तरी आपल्या पूर्वजांची अशी नक्कल चालवण्यात जवळजवळ कोणालाच रस नसतो, आणि ही दोन्ही खोटी असतील तर आपण स्वतःच अशा नकलेत असण्याची शक्यता फार मोठी. तिसरंच खरं असं ते म्हणत नाहीत. त्यामुळे बाबा, ग्रुपवर तुम्हाला आलेलं ते "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं" कृपा करून पुढे पाठवू नका, कोणी सिद्ध केलेलं नाही. २०१२ मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी एवढंच मांडलं की विश्व जाळीवर चालत असेल तर सगळ्यात जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण कुठल्या दिशेने कसे येतात त्यात जाळीचा ठसा दिसू शकेल. हे वाचून मी खुर्चीतून उठले, कारण आमच्याकडे अगदी हेच होतं, जाळी मोठी ठेवली की पत्रा खऱ्यापेक्षा ताठ वागतो आणि अनुभवी माणूस नुसता आकार बघून सांगतो की जाळी चुकलीय.

बॉस्ट्रॉमच्या सगळ्या मांडणीखाली एक गृहीत आहे, की मन मेंदूतच लागतं असं नाही, योग्य रचना असली तर कॉम्प्युटरवरही मन चालेल. ते मला पटकन मान्य होत नाही आणि खोटंही ठरवता येत नाही. मला तेच शिकायचंय. ऑफिस करून रात्री दीड तास वाचून ते होत नाही, दोन वर्षं करून बघितलं.

आता माया. बाबा, मला वाटतं हे दोन्ही एक नाहीत. नकलेच्या बाहेर कुठेतरी दुसरं खरं जग लागतं, खरी मशीन आणि चालवणारा लागतो. अद्वैत वेदान्तात दुसरं काही नाहीच. आणि तुम्ही तर त्याच्याही पुढचं वाचता. पहाटे अमृतानुभव घेऊन बसता तेव्हा सातव्या प्रकरणात ज्ञानदेव अज्ञानाचंच, म्हणजे ज्यामुळे जग भासतं म्हणतात त्याचंच, खंडन करतात ना? जग हा भ्रम नाही, चैतन्याचाच विलास आहे. मी आठवीत होते, लाइट गेलेली, तुम्ही आईची पाटली हातात घेऊन मला म्हणाला होतात, ही खोटी का? सोनं आहे म्हणून पाटली खोटी होत नाही चिमे. डेव्हिड चाल्मर्स म्हणून आत्ताचे एक मोठे तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी २०२२ च्या पुस्तकात म्हटलंय की आपण नकलेत असलो तरी टेबल हे टेबलच राहतं, फक्त ते कशाचं बनलंय ते वेगळं निघालं. मी ते वाचलं आणि मला आपली खोली दिसली, मेणबत्ती दिसली, तुमचा हात दिसला. हे दोन विचार वेगळ्या वाटेने आलेत, सारखेच आहेत असं मी म्हणणार नाही, पण त्यांना शेजारी ठेवून बघायचंय. हे मी तुमच्यामुळे करतेय बाबा. तुम्हाला सोडून जातेय असं वाटून घेऊ नका.

आई, तू विचारलंस की हे जग कोणी चालवत असेल तर त्याला माझे गुडघे दिसत नाहीत का. तुला वाटलं मी फोनवर गप्प बसले म्हणजे चिडले. चिडले नव्हते गं. मी वाचलेल्या सगळ्यात तोच प्रश्न सगळ्यात मोठा आहे, ज्यात कोणाला कळा लागतात असं जग चालवायचा अधिकार कोणाला आहे का, आणि मला त्याचं उत्तर येत नाही.

आणि डोकं फिरेल अशी भीती बाळगू नकोस. डेव्हिड ह्यूम म्हणून जुने तत्त्वज्ञ त्याच एडिनबराचे, १७३९ मध्ये त्यांनी लिहिलंय की असल्या शंकांनी ते पार अंधारून गेले, मग मित्रांबरोबर जेवले, सोंगट्यांसारखा एक खेळ खेळले, आणि परत आल्यावर त्या शंका थंड वाटल्या. मीसुद्धा वेळेवर जेवणार. खोलीत हीटर आहे, स्वयंपाकघर चौघींत मिळून आहे, तूरडाळ आणि कणीक तिथे मिळते, छोटा कुकर नेतेय, गोडा मसाला तुझाच हवा, अर्धा किलो पुरे, जास्त करत बसू नकोस. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे सव्वानऊ झालेले असतील, तीच आपली फोनची वेळ.

आता नीट ऐका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. प्रीतिसंगमावर फिरायला जाताना फोन खिशात, आणि पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, शेवाळ असतं. माळ्यावर चढायचं नाही, स्टूल मी येऊन लपवूनच ठेवणार आहे. आई, इन्शुलिन घेतलं की कॅलेंडरवर टिक कर, बाबांना विचारत बसू नकोस. डोळे या महिन्यात दाखवायचे म्हणजे दाखवायचे, मी १२ तारखेला येतेय, घेऊन जाईन. रागावून लिहीत नाहीये. काळजी वाटते.

आई, लहानपणी मी डोळे मिटले की मला वाटायचं आता घर गेलं, तू गेलीस. मग पांघरुणातून ओरडायचे, "आहेस का?" आणि तू कणीक मळता मळता स्वयंपाकघरातून बांगड्या वाजवायचीस. बोलायची नाहीस, नुसत्या वाजवायचीस, आणि मला झोप लागायची.

तिकडून फोन ठेवायच्या आधी रोज वाजव. विसरलीस तर बाबांनी आठवण करायची.

तुमची,
चिमी