झाडावर अँटेना बांधताना

महोदय,

पावसाळ्यात हॅम रेडिओच्या (हौशी रेडिओ केंद्राच्या) अँटेनाच्या तारा तुटतात, त्याचा दोष वाऱ्याला देण्यात अर्थ नाही. दोष बांधणीत असतो. 7.1 मेगाहर्ट्झच्या डायपोलला, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाला, दोन्ही बाजूंना साधारण 10-10 मीटर तार लागते. थोडी जास्तच कापावी, मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते, त्याचे माप) बघत छाटावी. ही तार पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहरात दोन्हीकडे ताणून बांधली, की झाड डोलताच सगळा ताण तारेवर येतो. एका टोकाला कप्पी लावून दोरीला दोन-तीन किलोची वाळूची बाटली लटकवा. फांदी हलली की बाटली वर-खाली होते, तार शाबूत राहते. बाटली रहदारीच्या वाटेवर नको, हे सांगायला नकोच! साधी नायलॉनची दोरी उन्हाने कुजते, पॉलिएस्टर घ्यावी. खोडाभोवती दोरी आवळू नये. साल वाढते, दोरी रुतते. खिळे तर नकोतच. तारेची टोकेही पानांना टेकू देऊ नयेत. ओल्या पानांनी ट्यूनिंग बिघडते आणि प्रक्षेपण चालू असताना टोकाशीच व्होल्टेज सर्वाधिक असते. दोरी वर ओढण्यासाठी मासेमारीची दोरी वजन बांधून फांदीवरून फेकण्याआधी वर विजेची तार आहे का, ते पाहा. असेल, तर ते झाड सोडाच.

– एक हॅम, ठाणे (प.)