‘दुप्पट धोका’ म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘संशोधनातून सिद्ध झाले’ या थाटाची एक तरी बातमी दर आठवड्याला असते. ती छापू नका, असे सांगायला हे पत्र लिहीत नाही. पेपर हातात आला की मी आधी तेच पान उघडतो. तक्रार एवढीच, की त्या बातमीत जो आकडा सर्वांत गरजेचा, नेमका तोच गाळलेला असतो.

ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. इशारा खोटा नव्हता. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांत साधारण एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांवर दोघींना. पण लोकांपर्यंत पोहोचले ते ‘दुप्पट’ एवढेच. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. त्यात गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात! २०१५मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल हाच प्रकार झाला. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हे मथळ्यात आले. जिथे शंभरांतल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो तिथे तो सहा जणांना होईल, हा त्याचा अर्थ. सहावा माणूस महत्त्वाचा आहेच, पण हे चित्र निराळे आहे.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. रिपोर्टमध्ये मर्यादेबाहेरचा आकडा ठळक छापतात आणि रिपोर्ट हातात पडताच माणूस तेवढाच वाचतो. वास्तविक बहुतेक तपासण्यांची ‘नॉर्मल रेंज’ ठरवतानाच निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के आत घेतलेले असतात. उरलेले पाच टक्के काहीही झालेले नसताना बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाच्या रिपोर्टमध्येही एक तरी ठळक आकडा निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. हे सगळे समजावून सांगितले की समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, “ते ठीक आहे हो, पण हा ठळक का आलाय?”

हेच गणित संशोधनालाही लागू पडते. जॉन बोहॅनन या पत्रकाराने ते २०१५मध्ये मुद्दाम करून दाखवले. त्याने जेमतेम १५ जण घेतले, त्यातल्या काहींना तीन आठवडे आहाराबरोबर चॉकलेट दिले आणि वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशी १८ मोजमापे केली. इतकी मोजमापे केल्यावर एखादे तरी योगायोगानेच ‘लक्षणीय’ (म्हणजे संशोधनाच्या नेहमीच्या कसोटीवर ‘हा योगायोग नसावा’ असे) ठरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. ठरले ते वजन. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एका नियतकालिकात त्याने निबंध दिला आणि ‘चॉकलेटने वजन उतरते’ ही बातमी देशोदेशी झळकली. प्रयोग किती जणांवर झाला, हे कोणीही छापले नाही. मग त्याने स्वतःच सगळे उघड केले.

आता कोणी म्हणेल, सामान्य वाचकाला आकडे झेपत नाहीत. १९७८मध्ये हार्वर्डच्या ६० डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला होता. आजार हजारांत एकाला होतो आणि निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येते. मग पॉझिटिव्ह आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? सर्वाधिक जणांनी ९५ टक्के सांगितले. खरे उत्तर जेमतेम दोन टक्के, आणि ते फक्त ११ जणांना आले. पुढे मानसशास्त्रज्ञांना असे दिसले, की हाच प्रश्न टक्क्यांऐवजी माणसे मोजून विचारला, तर बहुतेकांना जमतो. हजारांत आजारी एक, विनाकारण पॉझिटिव्ह आलेले पन्नासेक, म्हणजे एक्कावन्नांत खरा एक. गणित न शिकलेल्यालाही हे पटेल. तेव्हा दोष वाचकाच्या बुद्धीचा कमी आणि मांडणीचा जास्त.

म्हणून विनंती अशी, की ‘दुप्पट’, ‘४० टक्क्यांनी’ असले काही छापाल तेव्हा सोबत ‘हजारांत इतक्यांचे इतके झाले’ हे वाक्य असू द्या, आणि प्रयोग किती जणांवर झाला तेही. प्रयोग उंदरांवरचा असेल तर तसे मथळ्यातच सांगा. शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचणारे माझ्यासारखे रिकामटेकडेच.

आणखी एक. मूळ संशोधन पुढे टिकले नाही तर त्याचीही बातमी व्हावी. मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहणारा मोठा प्रकल्प २०१५मध्ये पूर्ण झाला. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम लक्षणीय होता, फेरप्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच आढळला. एका कामात संयम वापरला की दुसऱ्या कामाला तो कमी पडतो, हा १९९८चा गाजलेला निष्कर्ष २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक जणांवर तपासला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण ‘मनाचा संयम संपतो, म्हणून अवघड कामे सकाळीच उरका’ हा सल्ला मात्र ठिकठिकाणी बिनदिक्कत दिला जातो. पुरवणीत महिन्यातून एकदा, चार ओळींची का होईना, ‘आधी छापलेल्या संशोधनाचे पुढे काय झाले’ अशी चौकट देता आली तर पाहावे. जागेची अडचण असेल तर राशिभविष्य थोडे आखडते घेतले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट